मोहटोल्याच्या पाळीची वही

१९७९ च्या नोव्हेंबरात मी सुलोचनाबाईंना पहिल्यांदा भेटलो. साकोली तालुक्यात प्रौढ शिक्षणाची केंद्रं नुकतीच उघडली होती आणि त्यांतल्या तीसेक केंद्रांचा मी पर्यवेक्षक होतो. सानगडीच्या पुढं, जंगलाच्या कडेला मोहटोला नावाचं सत्तर-ऐंशी घरांचं गाव. गावाच्या डोक्यावर जुना तलाव, आणि त्याच्या मातीच्या पाळीला, म्हणजे बांधाला, अगदी चिकटून, पायथ्याशी, बावीस घरांची एक ओळ. तिला खालची टोली म्हणत. टोलीतल्या अंगणात उभं राहून वर पाहिलं की आभाळाआधी पाळ दिसायची. पहिल्या दिवशी मला ते काही बरं वाटलं नव्हतं. पण सायकलीवरून दिवसाला तीन गावं करायची म्हटल्यावर असं वाटणं माणूस विसरतो.

गावात सातवी शिकलेली बाई एकच, सुलोचनाबाई. वय पस्तीसच्या आसपास, नवरा तुलाराम, दोन एकर धानाची शेती. आवाज बारीक, बोलणं कमी. अशा बाईसमोर तीस बाया बसणार कशा, ही मला शंकाच होती. वर्ग खालच्या टोलीत गिरजाबाईच्या छपरीत भरायचा, दुपारी, जेवणं उरकल्यावर. गिरजाबाईचा नवरा सोमाजी मागच्या गोठ्यात बैलांना धानाचं तनस टाकत असायचा, आणि इकडं बाया तक्त्यावरचं कमळ नि बदक पाहत जांभया द्यायच्या.

महिन्याभरात तीसाच्या नऊ झाल्या.

साठीच्या कुंताबाईनं एक दिवस पाटी खाली ठेवली. "सुलोचना, मी म्हातारी बाई. कमळ वाचून मी काय करू? त्यापेक्षा मले हे सांग, गिरजाची जमीन काहून वाळून नाही राहिली?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. गिरजाबाई रोज सकाळी छपरी सारवायची. उन्हं चढली तरी शेण ओलंच. बसलं की लुगड्याला गार ओल लागायची. डिसेंबर महिना, दीड महिन्यात पावसाचा थेंब नाही.

सुलोचनाबाईंनी सारवणावर तळहात ठेवून पाहिला. मग म्हणाल्या, "मलेही माहीत नाही, काकी. आपण मिळून पाहू."

केंद्र खरं त्या दिवशी सुरू झालं. हे मला कळायला फार वर्षं लागली.

बाया उठल्या आणि घरामागं गेल्या. पाळीच्या पायथ्याशी, तरोट्याच्या झुडपाखाली बोटभर धार झिरपत होती. ती किती दिवसांची होती ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मग त्यांनीच ठरवलं की हे ज्याला माहीत आहे त्याला विचारायचं. गावात गोमाजी म्हणून ऐंशीच्या वरचा म्हातारा होता. जवानीत त्यानं या पाळीवर माती टाकली होती. डोळ्यांनी आता दिसत नव्हतं. दोघी बायांनी त्याला हात धरून आणलं आणि छपरीत बसवलं.

म्हातारा म्हणाला, "मातीची पाळ हाये, ते घाम टाकतेच. पानी नितळ आलं तं समजाचं, फक्त घाम हाये. गढूळ आलं तं समजाचं, पानी आतून माती खाऊन राहिलं. मंग पाळीकडं पाहत बसाचं नाही. पोरायले घेऊन निंगाचं."

"किती वेळ भेटते, बाबा?" धुरपतानं विचारलं. धुरपता टोलीतलीच, नुकतं लग्न होऊन आलेली सून.

"ते पाळ सांगत नाही," गोमाजी म्हणाला.

पुढच्या आठवड्यात वर्गात सव्वीस बाया होत्या.

कामं त्यांनी आपसांत वाटून घेतली. कुंताबाईनं बांबूला खाचा पाडून तो तलावात रोवला. पाणी कितव्या खाचेवर आहे ते रोज पाहायचं. धुरपतानं माहेरचा काचेचा गिलास आणला. झिऱ्याचं पाणी त्यात धरून उन्हात पाहायचं. दोघीतिघी पाळीवरची खेकड्यांची बिळं मोजायच्या. गिरजाबाईकडं तिची जमीन. दुपारी सगळ्या जमल्या की दिवसाचं एकाच वहीत लिहायचं, पाळीपाळीनं, जिची पाळी तिनं. अक्षर अडलं तर शेजारणीला विचारायचं. शेजारणीलाही आलं नाही तरच सुलोचनाबाईंना. हा नियम बायांचाच. पहिल्या पानावरचं लिखाण मी पुढं पाहिलं. 'पानि ९ झिरा नितल.' एवढं लिहायला धुरपताला अख्खी दुपार लागली होती.

फेब्रुवारीत मी तपासणीला गेलो तेव्हा छपरी रिकामी होती. बाया पाळीवर उभ्या. मला राग आला. सगळ्यांना खाली बोलावलं, तक्ता टांगला, कुंताबाईला कमळ वाचायला सांगितलं. तिनं 'क' म्हटलं आणि थांबली.

"चार महिन्यांत एवढंच?" मी सुलोचनाबाईंना विचारलं.

"ते दुसरं वाचतात, साहेब. त्यांची वही पाहा ना."

मी वही उलटून पाहिली. शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या, बाकी काही दिसलं नाही. शेरेबुकात लिहिलं: 'पाठ्यपुस्तकाचा वापर नाही. प्रौढांना अभ्यासक्रमाबाहेरील कामांत गुंतविले जाते. केंद्र चालू ठेवणे योग्य नाही.' मार्चमध्ये केंद्र बंद झालं. पाट्या, कंदील, तक्ते मी स्वतः जाऊन परत घेतले. सुलोचनाबाईंनी एकेक वस्तू पुसून माझ्या हातात दिली. वही सरकारी नव्हती, ती त्यांच्याकडंच राहिली.

पुढं माझी बदली झाली. यापुढचं जे सांगतो ते नंतर त्यांच्याकडून, तुलारामकडून आणि वहीतून कळलेलं.

बाया जमत राहिल्या. पाटी नाही तर कोळसा, तक्ता नाही तर भिंत. तीन वर्षं वहीत रोज एकच शब्द येत गेला. नितळ. नितळ. नितळ. त्या एका शब्दाच्या आजूबाजूनं त्या बाकीची भाषा शिकल्या. कोणाचं बाळंतपण, कोणाच्या घरी निघालेला साप, कोणी माहेरी गेली, सगळं त्या वहीत उतरू लागलं. धुरपता तर सासूला न सांगता माहेरी पत्र टाकू लागली होती.

१९८२ च्या पावसाळ्याच्या शेवटी कुंताबाईला खाचांमध्ये वेगळंच दिसलं. ती वर्गात येऊन म्हणाली, "दरसाल बारा खाचांवर पानी आलं का सांडव्यातून जाते. आज चौदा हाये. आन सांडवा कोरडा."

सगळ्या जाऊन पाहून आल्या. सांडव्याच्या तोंडावर लाकडी फळ्या ठोकल्या होत्या, त्यांना मातीच्या पोत्यांचा टेका. काम भैय्याजींचं. भैय्याजी गावातले मोठे शेतकरी, पंचायतीत त्यांचाच शब्द चालायचा. माणूस वाईट नव्हता. पाटाच्या शेपटीला असलेल्या शेतांना शेवटचं पाणी पुरत नसे, म्हणून त्यांनी तलाव हातभर जास्त भरून घेतला होता.

सात बाया वही घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. भैय्याजींनी वही घेतली नाही.

"सुलोचनाबाई, हे पानी माह्या एकट्यासाठी नाही. मागच्या साली चाळीस घरांचं धान लोंब्यांत वाळलं. तेव्हा तुमची वही कोठं होती?"

"पाळीवर भार वाढला, भैय्याजी. खालच्या टोलीत ओल भिंतीपर्यंत चढली हाये."

"शंभर सालाची पाळ हाये ते. बायांनी काडी रोवून पाहिली म्हनून फुटत नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "हे लिहिनं बंद करा. गावात भेव पसरून राहिलं. भेव पसरलं का कोनाचंच भलं होत नाही."

त्यानंतर आठ दिवसांत बांबू उपटून टाकलेला सापडला. कुंताबाईनं नवा रोवला. तोही गेला. तिसरा तिनं पाण्याच्या आत, कमळाच्या दाट पानांत रोवला, जिथं तिला एकटीलाच सापडेल. गावात आता या बायांना पाहून लोक बोलणं थांबवू लागले. तलावाचं पाणी सोडायच्या तुडुमाची पाळी तुलारामच्या शेताला सगळ्यांच्या शेवटी येऊ लागली, आणि येईपर्यंत पाट आटलेला असायचा. तुलाराम घरी येऊन पाय धुवायचा आणि जेवायला बसायचा. एकदाच म्हणाला, "मी तुले बंद कर म्हनत नाही. फक्त एवढं सांगतो, पाटावर माह्यासंगं आता कोनी बोलत नाही."

बायांनी तालुक्याच्या कचेरीला पाळीबद्दल पत्र लिहिलं. पाच जणींनी मिळून, चार वेळा खोडून. दोन महिन्यांनी उत्तर आलं, आपले पत्र मिळाले, योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविण्यात येत आहे. ते त्यांनी वर्गात वाचलं. 'कार्यवाही' या शब्दावर सगळ्या अडल्या. सुलोचनाबाईंनी अर्थ सांगितला. मग त्या वाट पाहत राहिल्या.

१९८३ च्या उन्हाळ्यात तलाव अर्ध्यावर आला तरी गिरजाबाईची जमीन वाळली नाही. पावसाळ्यात दुसरा झिरा फुटला, तिच्या परसातच, चुलीपासून दहा पावलांवर. ऑगस्टमध्ये वहीत एक ओळ आहे: 'बिळं एकतीस. खेकडा एकही नाही.' त्याच आठवड्यात टोलीतल्या तीन घरांत साप निघाले. पाळीत राहणारं सगळं बाहेर पडून कुठंतरी निघालं होतं.

पोळा झाला. बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात माळा. पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी चांगलं ऊन पडलं होतं. सहा दिवसांत पाऊस नव्हता, पण जंगलातल्या नाल्यांनी तलाव काठोकाठ भरलेला, पंधराव्या खाचेवर. धुरपता सकाळी परसातल्या झिऱ्याशी बसली, गिलास भरला, उन्हात धरला. तळाशी पिवळट मातीचा पापुद्रा बसत होता.

तिनं ते पाणी फेकलं आणि गिलास पुन्हा भरला. पुन्हा तेच. ती गिलास तसाच धरून, पाणी न सांडता, कुंताबाईकडं गेली. दोघी सुलोचनाबाईंकडं आल्या. तासभर थांबून तिघींनी मिळून परत भरला. पापुद्रा आता नखाएवढा जाड होता.

"वहीत लिही," सुलोचनाबाई म्हणाल्या.

धुरपतानं पेन्सिल घेतली आणि थांबली. तिनं कुंताबाईकडं पाहिलं. कुंताबाईनं नाही म्हणून मान हलवली. पावणेचार वर्षांत 'गढूळ' हा शब्द कोणाला लिहावाच लागला नव्हता. ढ कसा काढतात ते दोघींनाही आठवेना. सुलोचनाबाईंनी धुरपताचा तळहात उघडला आणि बोटानं त्यावर ढ काढून दाखवला. धुरपतानं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आहे, पण चूक नाही.

मग सव्वीस बाया टोलीभर घरोघरी गेल्या. आधी म्हातारी माणसं, मग लेकरं, मग धानाच्या कणग्या. गोमाजीला खाटेसकट उचललं. तो एवढंच विचारत होता, "रंग कोनता हाये? पिवळा का काळा?" दुपारपर्यंत बावीसही घरांतली माणसं वरच्या शाळेत आली होती. शेतावरून आलेले पुरुष शिव्या देत आले. भैय्याजींकडं धुरपता स्वतः गिलास घेऊन गेली. ते तिच्या हातातल्या गिलासाकडं बराच वेळ पाहत राहिले.

"उद्या मानूस पाठवून फळ्या काढतो," ते म्हणाले.

"आज काढा, भैय्याजी."

"उद्या म्हटलं ना."

दिवस मावळला. काही झालं नाही. रात्रही गेली. सकाळी पाळ होती तशीच उभी, वर बगळे बसलेले. शाळेच्या वऱ्हांड्यात लेकरं रडत होती, चूल नव्हती, आणि माणसं बायांकडं पाहायचं टाळत होती. हसायला सुरुवात झाली होती. सोमाजी बैलांच्या कासऱ्याला धरून उभा होता. शिंगांवरचा लाल रंग अजून ताजा.

"जनावरं कालपासून उपाशी हायेत. तनस घरी हाये. जाऊन येतो."

सुलोचनाबाई त्याच्या वाटेत आल्या. "भाऊजी, तनस मी मांगून आनते. तुमी जाऊ नका."

"कालपासून थांबा थांबा म्हनून राहिल्या तुमी. पाळ तं उभीच हाये." तो रागावला नव्हता, नुसता थकलेला होता. "माह्या बैलायले दुसऱ्याचं तनस कायले मांगता?"

गिरजाबाई तिथंच होती. तिनं त्याला अडवलं नाही. सोमाजी बैल घेऊन उतारावरून गेला. मागून आणखी सहा-सात जण भांडी-कपडे आणायला गेले.

साडेदहाच्या सुमाराला आवाज आला. फार मोठा नव्हता. ओली भिंत बसते तसा, एकदाच. मग बगळे उडाले. शाळेतून पाहणाऱ्यांना आधी कळलंच नाही, कारण पाळ जागेवरच होती. फक्त तिच्या मधोमध एक काळी फट पडली होती आणि फटीतून पाणी नाही, मातीचा लोंढा खाली उतरत होता. पाणी त्याच्या मागून आलं. उतारावरचे सहा-सात जण भांडी टाकून पळत वर आले. सोमाजी आला नाही. एक बैल दुपारी खालच्या मोहाच्या झाडाशी, चिखलात गुडघाभर उभा सापडला.

बाविसांतली एकवीस घरं गेली. माणूस एक.

त्यानंतरचे दिवस पाळ फुटण्यापेक्षा वाईट होते, असं तुलारामनं मला सांगितलं. आधी कुजबूज उठली की बायांनी झिऱ्याशी रोज उकरून उकरून पाळ पोकळ केली. चौकशीला तालुक्याचे साहेब आले. त्यांनी वही मागितली. सुलोचनाबाईंनी मूळ वही द्यायला नकार दिला. पाच बायांनी शाळेत बसून तिची सगळी नक्कल केली, पावणेचार वर्षांच्या नोंदी, नऊ दिवस सलग. नक्कल दिली. पुढं ती कुठं गेली ते कळलं नाही. अहवालात कारण लिहून आलं: अतिवृष्टी.

भैय्याजी सोमाजीच्या तेराव्याला आले. अंगणाबाहेर उभे राहिले. बसा असं कोणी म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. अर्ध्या तासानं ते गेले. पुढच्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत.

गिरजाबाईनं मात्र तोंडावर बोलून घेतलं. भर बैठकीत ती सुलोचनाबाईंना म्हणाली, "तू एक दिवस आधी सांगितलं, म्हनून माह्या मानसाचा भरोसा उडाला. त्याच सकाळी सांगितलं असतं तं तो वरतेच राहिला असता." आणि उठून गेली. सुलोचनाबाईंनी याचं उत्तर कधी दिलं नाही.

मी परत साकोलीला आलो ते १९८४ च्या शेवटी. मोहटोल्याला जायला पुढं दोन महिने मन होईना. गेलो तेव्हा सुलोचनाबाईंनी चहा ठेवला, वही माझ्यापुढं आणून ठेवली आणि मी वाचून होईपर्यंत समोर तांदूळ निवडत बसल्या. मी शेवटच्या पानापर्यंत गेलो. मग म्हणालो, "बाई, चूक माझी झाली. तो शेरा मी लिहायला नको होता."

"तुमच्या शेऱ्यानं पाळ नाही फुटली, साहेब." त्यांनी सूप झटकलं. "पन केंद्र राहिलं असतं तं वहीवर शिक्का राहिला असता. शिक्क्याच्या वहीले लोकं मानतात."

मी वही मिटून त्यांच्या हातात दिली.

त्यानंतर मी केंद्र पुन्हा उघडवून दिलं. शिक्काही दिला. पाळ नव्यानं बांधली गेली, टोली वरच्या बरडावर वसली. एकोडीच्या बाजूच्या दोन-तीन गावांतल्या बायांनी सुलोचनाबाईंना आपल्या तलावावर बोलावलं. त्या जायच्या, पण सांगायच्या काहीच नाहीत. पाळीवर बायांना घेऊन बसायच्या आणि विचारायच्या, "तुमाले कशाचं भेव वाटते?" उत्तर यायला कधी कधी पूर्ण दुपार जायची. त्या थांबायच्या. धुरपता आता त्यांच्यासोबत असायची, आणि नवख्या बायांची अक्षरं तीच बसवायची.

१९८७ च्या हिवाळ्यात मी शेवटचा मोहटोल्याला गेलो. वर्ग शाळेच्या वऱ्हांड्यात भरला होता. खांबाला टेकून, सगळ्यांकडं पाठ करून गिरजाबाई बसली होती. मी हळूच धुरपताला विचारलं. ती म्हणाली, "दोन महिने झाले, रोज येते. लिहीत नाही. बाईंसंगं बोलत नाही. पन येते." तेवढ्यात एक नवी सून वाचताना एका जोडाक्षरावर अडली आणि त्यातली अक्षरं एकेक करून मोठ्यानं म्हणू लागली. शेजारणीला आलं नाही. तिच्या शेजारणीलाही आलं नाही. सगळ्या सुलोचनाबाईंकडं पाहू लागल्या, आणि सुलोचनाबाई खांबाकडं पाहत थांबल्या. बराच वेळ गेला. मग गिरजाबाईनं, मान न वळवता, तो शब्द सांगितला.